केणीसरांचा गुरुवार

"आज गुरुवार," केणीसर खुर्चीत बसता बसता म्हणाले. "म्हणजे आज तुम्ही गप्प आणि मी शहाणा."

मी नुसती मान हलवली. त्यांच्या खुर्चीच्या हातावर मी सकाळीच एक चिठ्ठी चिकटवून ठेवली होती. जुन्या संहितेच्या पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अकरा वाजता चॅनेलच्या बाई येणार आहेत. धुरूसाहेबांनी ऑफिसात बोलावलंय.' त्यांनी ती वाचली, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा वाचली. मग घडी करून खिशात टाकली आणि कॅमेऱ्याजवळच्या मंडळींना म्हणाले, पहिला सीन साडेदहाच्या आत उरकू, फाशी जाणाऱ्याला निदान नाश्ता तरी मिळायला हवा.

सगळे हसले. सर विनोदच करायचे, म्हणून हसले.

एकोणीस वर्षं झाली याला. सरांना जाऊनसुद्धा आता सहा वर्षं होतील. कुणी विचारत नाही म्हणून मी कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं असतं की नाही, देव जाणे.

मी तेव्हा 'उसनी वाटी' या विनोदी मालिकेत कंटिन्युइटी बघत असे. आधीच्या शॉटमध्ये कप डाव्या हातात होता की उजव्या, दाराची कडी लावलेली होती की काढलेली, कुठल्या नटाने कुठला शब्द गाळला, हे सगळं तक्त्यात टिपून ठेवायचं. काम गप्प बसून बघत राहण्याचं, आणि ते मला जमायचं. ठाण्याच्या पुढे, घोडबंदर रस्त्यावरून आत, बिस्किटांचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्याच्या शेडमध्ये आमची चार बिऱ्हाडांची सोसायटी उभी केलेली होती. ऊन तापलं की भिंतींमधून अजून गोडूस वास यायचा.

माझे काही नेम तेव्हाही होते. सकाळी पोथीचा एक अध्याय वाचल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, आणि गुरुवारी सूर्य मावळेपर्यंत मौन. हे लग्नाआधीपासूनचं. आई सांगायची, आपल्या मौनाने दुसऱ्याचं काम अडत असेल तर लिहायला हरकत नाही, मात्र मौनात लिहिलेलं खोटं असता कामा नये, ते देवापुढे बसून लिहिल्यासारखं असतं. मी तसंच करत आले. सेटवर सुरुवातीला चेष्टा झाली. मालिकेत काकूंचं काम करणाऱ्या यमुताई सप्रे तेव्हा पासष्टीच्या होत्या. त्या म्हणायच्या, आमचे हे गुरुवारी असे गप्प बसणार असतील तर मी सोळाच काय, बत्तीस सोमवार करीन. पुढे सगळ्यांना सवय झाली. शॉटमध्ये चूक झाली की नाही यावरून वाद झाला की कुणीतरी म्हणायचं, कुमुदताईंनी काय लिहिलंय बघा. आणि वाद मिटायचा.

केणीसरांची दिग्दर्शनाची रीत वेगळी होती. ते मॉनिटर बघत नसत. तरुणपणी लालबाग-परळच्या कामगार नाटकांतून ते ढोलकी वाजवायचे, आणि विनोद त्यांना दिसायचा नाही, ऐकू यायचा. सीन सुरू झाला की डोळे मिटत. मांडीवर बोटाने मात्रा मोजत. शेवटचा शब्द पडला की अर्धी मात्रा थांबून म्हणत, "कट." मग डोळे उघडून, "यमे, दोन मात्रा उशीर केलास. लोक उठून चहा टाकायला गेले." यमुताई त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, पण त्यांनी 'यमे' म्हटलं की पुढच्या टेकला ते वाक्य असं काही पडायचं की लाइटवालेही तोंडावर हात दाबून धरायचे.

आदल्या वर्षीच्या श्रावणापासून सर डोळे उघडे ठेवायला लागले. नटांनी त्यांच्याकडे पाठ करून बोलायचं नाही असा नवा नियम निघाला. तरुण मंडळी कुरकुरली, की हे जुन्या नाटकासारखं दिसेल. मला एवढंच जाणवलं होतं की इतर दिवशी मी काही विचारलं तर सर दोनदा "काय?" म्हणत, आणि गुरुवारी चिठ्ठी दिली की चटकन उत्तर मिळे. मग अशाच एका गुरुवारी त्यांच्या डोक्याच्या मागे, चार हातांवर, एक मोठा दिवा फुटला. बार झाल्यासारखा आवाज. यमुताई किंचाळल्या, माझ्या हातातला तक्ता खाली पडला. सर संहितेत बघत होते, ते बघतच राहिले. मग त्यांनी मान वर केली, आमचे चेहरे बघितले, आणि त्यानंतर दचकले.

चहाच्या वेळी मी त्यांच्यापुढे कागद सरकवला. 'केव्हापासून?'

त्यांनी वाचलं आणि बशीत चहा ओतला. हळू आवाजात सांगितलं, की डावा कान चार वर्षांपूर्वीच गेला, आणि आता उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. यंत्र घेऊन ठेवलंय घरी. पण ते लावलं की पंखा, खुर्च्या आणि माणसं सगळी एकाच आवाजात बोलायला लागतात. शिवाय विनोदी मालिकेचा बहिरा दिग्दर्शक म्हणजे पेपरवाल्यांना फुकटचा भाग लिहून दिल्यासारखं. मग हसणं थांबवून म्हणाले, "हे गेलं तर मला दुसरं काही येत नाही हो, कुमुदताई."

'कुणाला सांगू नका' असं ते म्हणाले नाहीत. मीही वचन दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझं स्टूल त्यांच्या खुर्चीला लावून घेतलं, एवढंच. त्यांचा हात खुर्चीच्या हातावर असे आणि माझं बोट त्यांच्या मनगटावर. वाक्य संपलं की एक टिचकी. शब्द चुकला की दोन. बाहेरून काही आवाज आला की सबंध तळवा. परपुरुषाच्या मनगटाला बोट लावायचं म्हणून पहिल्या दिवशी मी मध्ये कागदाची घडी ठेवली होती. दोन दिवसांनी ती खाली पडली, आणि मी पुन्हा उचलली नाही.

सरांनी परत डोळे मिटायला सुरुवात केली. आठ महिने आम्ही असं काम केलं. त्या आठ महिन्यांतले भाग आधीच्या दोनशेपेक्षा सरस होते. हे मी म्हणत नाही, चॅनेलच म्हणत होतं. धुरूसाहेब पेढे घेऊन आले होते.

मग माझ्या घरी पोथीचं सप्ताहाचं पारायण आलं. सहा दिवस मी पहाटे वाचून कामावर गेले, पण सातव्या दिवशी समाप्ती होती, नैवेद्य, सवाष्ण जेवायला. मी चाचरत रजा मागितली. सर म्हणाले, जा, देवाचं आधी. एका दिवसाने काय होतंय.

त्या दिवशी शेडबाहेरच्या रस्त्यावरून लग्नाची वरात गेली. बँड, ताशा, सगळं. सीन चालू होता. नट एकमेकांकडे बघायला लागले, पण सरांनी थांबवलं नाही म्हणून बिचारे बोलत राहिले. सीन संपला आणि सर म्हणाले, "झकास. पुढचा घ्या." कुणी हसलं नाही म्हणे. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि तो नुसता सरांकडे बघत राहिला. ती गोष्ट आठवड्याभरात चॅनेलपर्यंत गेली, आणि त्यानंतरच्या गुरुवारी चॅनेलच्या बाई आल्या.

त्यांचं नाव अनघा सबनीस. तिशीच्या असतील. मुलगी वाईट नव्हती. तिने सरांना आधी वाकून नमस्कार केला आणि सांगितलं, की शाळेत असताना तुमची पहिली मालिका बघण्यासाठी मी शिकवणी बुडवायचे. धुरूसाहेब आमचे निर्माते, सरांचे तीस वर्षांचे मित्र. ते टेबलामागे बसून पेपरवेट फिरवत होते. मला सरांनीच बरोबर नेलं होतं. मी दाराशी उभी राहिले, हातात कागदांचा गठ्ठा आणि पेन.

सबनीसबाईंनी सरळच विषय काढला. वरातीचं वरपर्यंत गेलंय. तिथे दोन मतं आहेत. कुणी म्हणतं वय झालं, लक्ष नव्हतं, होतं कधी कधी. कुणी म्हणतं सरांना ऐकूच येत नाही. मला स्वतःला तुम्हाला काढायचं नाही, पण वर काहीतरी लेखी द्यावं लागेल.

सर तिच्या ओठांकडे बघत होते. सगळं कळलं असावं त्यांना, कारण उत्तर लगेच आलं.

"मला विचारून काय उपयोग? मी हो, ऐकू येतं असंच म्हणणार. कुमुदताईंना विचारा. आठ वर्षं माझ्याबरोबर काम करतात. या बाईने आजवर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, ते सगळ्या युनिटला ठाऊक आहे. त्या लिहितील ते मला मान्य."

धुरूसाहेबांचं पेपरवेट थांबलं. त्यांनी सबनीसबाईंना माझ्या गुरुवारचं सांगितलं. ती म्हणाली, मग उत्तमच, लिहूनच हवंय. आणि माझ्याकडे वळली.

"केणीसरांना नीट ऐकू येतं का? एवढंच लिहून द्या ताई. येतं म्हणालात तर मी हाच कागद पुढे पाठवते. विषय संपला."

मी गठ्ठ्यातला वरचा कागद घेतला. पेनाचं टोपण काढलं.

सर माझ्याकडे बघत होते. घाबरलेले नव्हते. विनोदाच्या शेवटच्या शब्दाआधी त्यांच्या तोंडावर जे असे ते होतं, हसू नव्हे, हसू येईल याची खात्री. मला तेव्हा कळलं की हे त्यांनी योजून केलंय. माझा शब्द कुणी तपासणार नाही हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं मी जे खरेपण जपलं, ते एकदा, फक्त एकदा, त्यांना हवं होतं.

मी कागदावर पेन टेकवलं. मला आई आठवली. देव्हाऱ्यातली समई आठवली, जी संध्याकाळी मला लावायची होती. इतक्या वर्षांचे गुरुवार एकामागून एक आठवले. 'येतं' ही दोन अक्षरं. माझं बोट त्यांच्या मनगटावर होतं तोवर ते खोटंही नव्हतं खरं तर. आणि दुसरंही काही लिहिता आलं असतं. काम चोख आहे, मी शेजारी असते, यांना काढू नका. हे तर शंभर टक्के खरं होतं. पण हे मला सुचलं ते तीन दिवसांनी, भाजी निवडताना. त्या खोलीत मला दोनच गोष्टी दिसत होत्या, खोटं लिहायचं किंवा त्यांचा घात करायचा. मी दोन्ही केलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. कागदावर शाईचा एक ठिपका उमटला. मी टोपण लावलं.

 मग सबनीसबाईंनी पुढे होऊन माझ्या हातातला कागद अलगद काढून घेतला, बघितला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "समजलं."

सर अजून माझ्याकडेच बघत होते. त्यांना ते शब्द ऐकू आले नसावेत. पण धुरूसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला, तो त्यांनी बघितला.

पुढचं बोलणं धुरूसाहेबांनी केलं. सोमवारपासून नवा दिग्दर्शक येईल, तू आराम कर, नाव तुझंच राहील. सर म्हणाले, नावाचं बरं केलंत, वाचता येतं मला अजून. मग उठून सबनीसबाईंच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, वाईट वाटून घेऊ नको पोरी, तू तुझं काम केलंस. माझ्या जवळून जाताना त्यांनी दार माझ्यासाठी उघडं धरलं.

दुपारचे सीन सहायकाने घेतले. सर सोसायटीच्या खोट्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होते. मी डबा उघडला आणि तसाच मिटला. यमुताई एकदा माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण माझ्याकडे बघून त्या उठून गेल्या. शेवटचा सीन मात्र सरांनी मागून घेतला.

छोटाच सीन होता. काकू तीन वर्षांपूर्वी उसना नेलेला कुकर शेजारणीला परत करायला येतात. यमुताईंचं शेवटचं वाक्य, 'कुकर आणलाय हो परत, शिट्टी तेवढी ठेवून घेतली, आमच्या ह्यांना उठवायला.'

मी नेहमीसारखं स्टूल ओढलं. सरांनी माझा हात आपल्या मनगटावरून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "आज राहू दे," म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि सीन सुरू केला.

मांडीवर त्यांचं बोट पडत होतं. मीही मनात मोजत होते. पहिली तीन वाक्यं बरोबर गेली, आणि मला वाटलं, देवा, जमतंय त्यांना. यमुताई दारात आल्या. काय झालं कोण जाणे, त्यांनी सुरुवातीलाच दोन मात्रा जास्त घेतल्या. "कुकर आणलाय हो परत, शिट्टी तेवढी ठेवून घेतली..."

"कट," सर म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

यमुताई तिथेच थांबल्या. तोंड मिटलं, पदर सारखा केला आणि हसल्या, जणू वाक्य तिथेच संपत होतं. मग कॅमेरावाला हसला. मग लाइटवाले. शेडमधली सगळी माणसं हसली, टाळ्या झाल्या, कुणीतरी शिट्टीही मारली. यमुताई सरांच्या खुर्चीपाशी आल्या आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडल्या. सर म्हणाले, "अगं यमे, मोठी ना तू?"

सामान आवरायला सुरुवात झाली. मी तक्ता मांडीवर घेऊन बसले होते. त्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळत नव्हतं. सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांची कापडी पिशवी खांद्याला होती.

"कुमुदताई, एक सांगा. यमीचं वाक्य पुरं झालं ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सकाळचंच तोंड होतं. मग मी वेळ लावला नाही. गठ्ठ्यातला कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पुरं झालं. अगदी वेळेवर.'

त्यांनी कागद हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवला आणि खूप वेळ वाचला, जणू मोठं पत्र होतं.

"मी डोळे उघडले तेव्हा तिचे ओठ अर्धे उघडे होते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "म्हणजे तुम्हाला येतं की लिहायला. मग अकरा वाजता का नाही लिहिलंत?"

ते उत्तरासाठी थांबले नाहीत. कागद घडी करून त्यांनी माझ्या तक्त्यावर ठेवला आणि निघाले.

शेडचं मागचं दार उघडं होतं. सूर्य कारखान्याच्या धुराड्यावर वीतभर उरला होता. मी उठले तेव्हा मांडीवरचे सगळे कागद खाली सांडले. मी हाक मारली, "सर." दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा आला. पुन्हा मारली, मोठ्याने. यमुताई वळल्या, लाइटवाले हातातलं काम सोडून बघायला लागले. गुरुवारी दिवसाउजेडी माझा आवाज त्यांच्यापैकी कुणीही ऐकलेला नव्हता. मी पदर खोचून धावत सुटले आणि त्यांचं नाव घेऊन ओरडले, आयुष्यात कधी ओरडले नव्हते तेवढ्या मोठ्याने. फाटकापाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. सरांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, वाकून आत बसले, आणि पुढे बोट दाखवून त्याला म्हणाले, चला.